लॉटरीच्या रुपयाला सरकारच्या रुपयाची जोड हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्य लॉटरीचे उत्पन्न सार्वजनिक शिक्षणासाठी आणि गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरावे, ही सूचना अधूनमधून मांडली जाते आणि ऐकणाऱ्याला ती पटतेही, कारण लोक तिकीट घेणारच असतील तर त्यातून निदान एखाद्या पोराची फी भरली जावी, यात कोणाला वावगे वाटणार? मी नंदुरबार जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बावीस वर्षे लिपिक म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. पैसा कोठून आला हे विद्यार्थी विचारत नाही, तो कधी येणार एवढेच विचारतो, हे मी रोज अनुभवले असल्यामुळे या सूचनेला माझा सरसकट विरोध नाही. मात्र लॉटरीचा एक रुपया शिक्षणाला द्यायचा असेल, तर सरकारने स्वतःच्या तिजोरीतील आणखी एक रुपया त्यात घातलाच पाहिजे, असे बंधन कायद्याने असावे. तेवढी तयारी नसेल तर तिकिटे खपवण्यासाठी विद्यार्थ्यांचे नाव वापरू नये.

आपल्या राज्याची लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. केरळने ती १९६७ मध्येच सुरू केली होती आणि २६ जानेवारी १९६८ रोजी तेथे पहिली सोडत झाली, तेव्हा तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे होते. पुढे २०११ च्या सुमारास केरळने ‘कारुण्य’ या नावाने स्वतंत्र सोडत काढून गरीब रुग्णांच्या उपचारांशी तिची सांगड घातली, आणि महाराष्ट्रात शिक्षणासाठी तसेच का करू नये, असे विचारणारे बहुधा याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. परंतु विक्रीचा आकडा आणि हाती उरणारा पैसा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे या चर्चेत बहुतेक वेळा निसटते. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा बक्षिसांत परत जातो. त्याखेरीज एजंट आणि विक्रेते यांचे कमिशन, छपाई, जाहिरात आहेच. वस्तू व सेवा कर मार्च २०२० पासून २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला, म्हणजे १४० रुपयांच्या तिकिटात ४० रुपये करच आहे. या कराचा अर्धा हिस्सा राज्याला मिळतो हे खरे, पण तो सर्वसाधारण महसुलात मिसळतो. कोट्यवधींची विक्री पाहून शिक्षणासाठी केवढे घबाड हाती लागेल, असा हिशेब मांडणाऱ्यांनी ही वजाबाकी आधी करावी.

हे तिकीट घेते कोण, हेही पाहिले पाहिजे. आमच्याकडे बसस्थानकाजवळच्या टपरीवर तिकीट घेणाऱ्यांत पपई आणि केळीच्या गाड्या भरणारे मजूर असत, मिरचीच्या पथारीवर काम करणारे असत, दिवाळीच्या मोठ्या सोडतीला क्वचित एखादा शिक्षक असे. मोठा बागायतदार किंवा डॉक्टर तेथे उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही. (मी स्वतः दर दिवाळीला एक तिकीट घेत असे, आणि एकदाही काही लागले नाही, हेही सांगून टाकतो.) अंमळनेरच्या प्रताप शेठजींनी गिरणीच्या मिळकतीतून शिक्षणासाठी आणि तेथील तत्त्वज्ञान मंदिरासाठी पैसा दिला, ते दान होते, देणाऱ्याला आपण काय देतो आणि कशासाठी देतो, हे ठाऊक होते. तिकीट घेणारा मजूर शाळेसाठी देणगी देत नसतो, तो स्वतःचे नशीब अजमावत असतो. त्याच्या हरण्यातून शिष्यवृत्ती उभी करायची असेल, तर ती त्याच्यासारख्याच घरातल्या मुलाकडे पोहोचते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर येते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा अनुभव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे १९९२ मध्ये जनमत घेऊन लॉटरीला मान्यता मिळाली आणि गव्हर्नर झेल मिलर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून तिच्या उत्पन्नातून ‘होप’ शिष्यवृत्ती सुरू झाली. शिष्यवृत्ती गुणांवर ठरत असल्यामुळे चांगल्या शाळांत शिकलेल्या, खात्यापित्या घरांतील मुलांना तिचा अधिक लाभ झाला आणि तिकिटांचा भार मात्र गरिबांवर पडला, अशी टीका तेथे वर्षानुवर्षे होत आली आहे. त्यातच फी वाढत गेली, विद्यार्थी वाढत गेले, लॉटरीचे उत्पन्न त्या वेगाने वाढले नाही, आणि २०११ मध्ये कायदा बदलून शिष्यवृत्तीची रक्कम घटवावी लागली. सोडतीच्या खपावर शिष्यवृत्ती टांगली की खप मंदावल्यावर विद्यार्थ्याचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

माझी मुख्य भीती मात्र आपल्याकडच्या अनुभवातून आलेली आहे. लॉटरीतून शंभर कोटी शिक्षणाला दिले आणि त्याच वर्षी शिक्षणाच्या मूळ तरतुदीतून शंभर कोटी हळूच कमी केले, तर जाहिरात होते, विद्यार्थ्याच्या खात्यात एक पैसाही जास्त पडत नाही. केंद्राने २००४ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर लावला, त्यासाठी पुढे स्वतंत्र कोष झाला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का लावला. त्याच्या कोषाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला २०१७ उजाडले. दहा वर्षे शिक्षणाच्या नावाने वसूल झालेला पैसा वेगळा ठेवायला खातेच नव्हते. उपकर भरणाऱ्याला निदान पावतीवर त्याचे नाव दिसत होते. लॉटरीच्या तिकिटावर तेवढेही दिसणार नाही.

यावरचा उपाय महाराष्ट्राने स्वतःच एकदा शोधलेला आहे. १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी व्यवसाय कर आला. आम्हा पगारदारांच्या पावतीवर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तोच हा कर. रोजगार हमी कायद्यात असे ठरले की या करातून जेवढी रक्कम निधीत येईल, तेवढीच राज्याने आपल्या बाजूने घालायची. त्या निधीत पैसा साचून राहतो आणि कामे निघत नाहीत, अशी टीका झाली आणि ती योग्यही होती. पण करदात्याचा रुपया आला म्हणून सरकारने आपला रुपया काढून घेण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. शिष्यवृत्तीसाठी असाच निधी करावा, त्यात लॉटरीचा निव्वळ नफा जमा व्हावा आणि तेवढीच भर राज्याने घालावी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा घटनेच्या २१-अ कलमाने दिलेला हक्क असल्यामुळे शाळांच्या खोल्या आणि शिक्षकांचे पगार या निधीवर कधीही टाकू नयेत.

या निधीतून काय करावे, याबद्दल टेबलावर बसलेला माणूस म्हणून थोडे सांगतो. आमच्याकडे अडचण बहुतेक वेळा शिष्यवृत्तीच्या नावांची नसते. योजना पुष्कळ आहेत. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील मुलगा जूनमध्ये प्रवेश घेतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारतो, महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज भरतो, खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून तो अर्ज त्रुटीत येतो, आणि पहिला हप्ता पडेपर्यंत खोलीचे भाडे व खानावळ यांसाठी घरच्यांनी उचल घेतलेली असते. ती उचल फेडायला आईवडील गुजरातेत ऊसतोडीला जातात, आणि दिवाळीनंतर मुलगाही त्यांच्याबरोबर दिसेनासा होतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. पुढच्या शिक्षणातील गळती या आकड्यात दिसतही नाही. म्हणून नवी योजना आणि तिला नवे नाव देण्यापेक्षा, प्रवेश घेतल्यापासून महिनाभरात निर्वाहाची आगाऊ रक्कम हातात देणे आणि मूळ शिष्यवृत्ती आल्यावर ती वळती करून घेणे, एवढे एकच काम या निधीने केले तरी पुरे.

सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ च्या चौथ्या कलमानुसार तिकीट विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा करावा लागतो, आणि ठरलेल्या मुदतीत कोणी मागणी न केलेली बक्षिसाची रक्कम राज्य सरकारच्या मालकीची होते. ज्याचे नशीब उघडले त्यालाच ते कळले नाही, असा हा पैसा आहे. त्यावर कोणत्याही खात्याचा आधीचा दावा नसावा. अशी रक्कम दरवर्षी किती जमते आणि ती कशावर खर्च होते, हे वित्त विभागाने प्रसिद्ध करावे, आणि येत्या शैक्षणिक वर्षापासून ती वर सांगितलेल्या आगाऊ निर्वाहासाठी, तेवढ्याच सरकारी भरीसह, आदिवासी तालुक्यांतील महाविद्यालयांकडे जूनअखेरीस पाठवावी, अशी माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन लिपिक,
ता. शहादा, जि. नंदुरबार