चाचा, तुम्ही आधी मोजलंत

चाचा, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फारसं काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. तुमची नात वाचून दाखवील या भरवशावर लिहिते आहे. दुकानात येऊन आभार मानले, तेव्हा "काय बाई, चाक तर बदललं" एवढंच म्हणून तुम्ही पुढच्या सायकलचं पंक्चर काढायला बसलात. पण त्या चाकामागे तुमचे दोन दिवस गेले होते. तुम्ही नेमकं काय केलंत ते चार जणांना कळलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गणपतीच्या आधीच्या रविवारी यवतेश्वरचा घाट उतरताना माझं मागचं चाक खड्ड्यात आदळलं. रिमची कड चिरली आणि एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, मोडला. चाक एका अंगाला कललं आणि फ्रेमला घासायला लागलं. साताऱ्यापर्यंत सायकल ढकलत आणली. अकरा वर्षं मी ती चालवते आहे. शाळा घरापासून नऊ किलोमीटर, रोज जाऊन-येऊन अठरा. दुसरी सायकल घ्यायची नव्हती, हीच नीट करून हवी होती.

एका मोठ्या दुकानात विचारलं. त्यांनी सायकलला हातसुद्धा न लावता सांगितलं की मागे सात गिअरवाल्या सायकलींचं आता काही मिळत नाही, नवीनच घ्या. दुसरीकडे म्हणाले, चाक मिळेल, पण कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका), डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), चेन सगळं अकरा गिअरचं करावं लागेल. ऐकलेली रक्कम सायकलच्या मूळ किमतीच्या जवळ जात होती. मग मी जुन्या टायरवर ७००सी हे चाकाचं माप वाचलं आणि ७००सीचं चाक घरपोच मागवलं. आकार जुळला म्हणजे चाक जुळलं, अशी माझी समजूत होती.

चाक सुंदर होतं. पण जुनं फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा जुना संच, त्यावर चढणारच नव्हतं, कारण त्याला फिरवून बसवायला आटेच नव्हते. नुसत्या उभ्या खाचा होत्या. आणि चाक फ्रेममध्ये धरलं तर दोन्ही बाजूंना फट राहत होती. तीन आठवडे मी एसटीने शाळेत गेले. तुमचं दुकान रोज वाटेत लागायचं. तिथे काळ्या सायकली, दूधवाल्यांच्या सायकली आणि पोरांच्या छोट्या सायकली उभ्या असायच्या. गिअरच्या सायकलचं तुम्हाला काय ठाऊक असणार, असं धरून मी पुढे जात राहिले. याचं मला फार वाईट वाटतं, चाचा, आणि ते इथे सगळ्यांसमोर सांगते.

शेवटी आले. तुम्ही नवीन चाक हातात घेऊन एकदा फिरवलंत, कानाजवळ नेऊन बेअरिंगचा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "चाक चांगलं हाय बाई. पर तुमच्या सायकलचं न्हाई. बघू, तिचं करता येतंय का. आधी मोजू, मग बोलू."

फडक्यात गुंडाळलेला व्हर्निअर तुम्ही काढलात. फ्रेममध्ये एक्सल बसतो त्या दोन खाचांच्या मधलं अंतर निघालं १३५ मिलिमीटर. नव्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, एका टोकाच्या नटापासून दुसऱ्या टोकाच्या नटापर्यंत, १३०. रस्त्यावर पळवायच्या बारीक सायकलींचं माप ते, आणि माझी फ्रेम डोंगरी सायकलींच्या मापाची. टायर बसतो तिथला रिमचा व्यास मात्र दोन्हींचा ६२२. टायरच्या कडेला बारीक अक्षरात छापलेलं ३५-६२२ तुम्ही मला वाचायला लावलंत. तेव्हाच तुम्ही विचारलंत, "वडिलांची काळी सायकल किती इंची?" मी म्हटलं, अठ्ठावीस. त्यावर तुम्ही सांगितलंत की या चाकालाही कुणी अठ्ठावीसच म्हणतात, पण काळ्या सायकलचं २८ × १½ म्हणजे ६३५ मिलिमीटर. तेरा मिलिमीटरचा फरक, एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसणार नाही. तेव्हापासून मी इंच बघत नाही, तो तीन आकडी नंबर बघते.

एक्सल का मोडला हेही तुम्ही सांगितलंत, नुसतं खड्ड्यावर ढकलून दिलं नाहीत. जुनं फ्रीव्हील पान्याने सोडवून हब माझ्यासमोर उघडलात आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्र काढलंत. फ्रीव्हील हबच्या बाहेर आट्यांवर चढतं, त्यामुळे उजव्या बाजूचे बेअरिंगचे छर्रे आत, हबच्या पोटात राहतात. तिथून फ्रेमपर्यंत सात दातेरी चकत्यांच्या जाडीएवढा एक्सल आधाराशिवाय लांब उभा असतो, आणि वजन त्याच्यावर. चकत्या जितक्या वाढतात तितका तो लांबतो, वाकतो, आणि एक दिवस मोडतो. नव्या चाकात एकाच दिशेने फिरू देणारा, खुटखुट वाजणारा रॅचेट हबलाच जोडलेला असतो आणि उजवे छर्रे पार फ्रेमच्या जवळ येऊन बसतात. शिमानोने ही रचना १९७८ मध्ये बाजारात आणली, हे मी नंतर वाचलं. पण ती कशासाठी आणली हे मला तुमच्या पुठ्ठ्यावर कळलं. तो पुठ्ठा मी आठवीच्या वर्गात नेला होता. तरफ आणि आधारबिंदू शिकवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नव्हतं.

राहिले पाच मिलिमीटर. पोलादी फ्रेम आहे, नट आवळले की खाचा दाबून बसतील, असं मीच तुम्हाला सुचवलं. तुम्ही नाही म्हणालात. रोज आवळून फ्रेमवर ताण द्यायचा नाही. त्याऐवजी पाच मिलिमीटरने जास्त लांब एक्सल घातलात आणि डाव्या बाजूला पाच मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी कडी. आता हब १३५ चा झाला, पण रिम मध्यावर राहिली नाही, अडीच मिलिमीटर उजवीकडे पडली. मग तुम्ही चाक स्टँडवर लावून उजव्या आऱ्या थोड्या सैल, डाव्या थोड्या घट्ट, असं करत रिम डावीकडे ओढून घेतलीत. आऊट, म्हणजे चाकाचा डगमगाट, काढायला पाऊण तास लागला. मी घड्याळ बघत नव्हते, तुमचे हात बघत होते. एकेका आरीला टिचकी मारून आवाज ऐकत होता. मागच्या चाकाच्या उजव्या आऱ्या नेहमीच जास्त ताणलेल्या असतात, कारण तिकडे गिअरला जागा द्यायची असते. डावीकडे जागा वाढवल्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण जवळ आला, आणि जे चाक बसतच नव्हतं ते आधीपेक्षा मजबूत झालं. ही गोष्ट ऐकून माझी मोठी चिंता गेली. घाटात पुन्हा उतरायचं होतं मला.

मग गिअर. तुमच्या ओळखीच्या दुकानात आठ चकत्यांची कॅसेट तयार होती, मी म्हटलं तीच टाका, एक गिअर जास्त मिळेल. तुम्ही म्हणालात, हँडलवरच्या शिफ्टरला विचारा आधी. सातच्या कॅसेटमध्ये एका चकतीपासून पुढची चकती पाच मिलिमीटरवर, आठच्यामध्ये ४.८ वर. शिफ्टरची एक क्लिक तार ओढते ती पाचच्या हिशेबाने. एका क्लिकला फरक ०.२, सहा क्लिकला १.२ मिलिमीटर. "मधल्या गिअरला जुळवून घेता येतंय, पर कडेला कुरकुर करत राहतंय. आणि सात गिअरचा शिफ्टर आठवा गिअर देणार कुठनं?" म्हणून तुम्ही सातचीच कॅसेट पुण्याहून मागवलीत, १२-२८ ची. मोठी चकती जुन्यासारखीच २८ दात्यांची ठेवली, म्हणजे डिरेलरचा हात आणि चेनची लांबी जशीच्या तशी चालली. नव्या हबवरची जागा आठ-नऊ-दहा गिअरच्या कॅसेटची, म्हणून सातच्या कॅसेटमागे साडेचार मिलिमीटरची एक रिंग सरकवलीत. एवढीशी रिंग! तिच्याऐवजी मला नवा शिफ्टर, नवा डिरेलर आणि कोण जाणे काय काय विकलं जाणार होतं.

चेनवर आपला थोडा वाद झाला. ती मला चांगली दिसत होती. तुम्ही स्टीलची पट्टी माझ्याच हातात दिलीत. एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा, पुढचे चोवीस खिळे मोजा, बरोबर बारा इंचावर आला पाहिजे. माझा इंचाचा आठवा भाग पुढे निघाला. सोळावा भाग वाढला तेव्हाच बदलायची होती, तुम्ही म्हणालात. अशी लांबलेली चेन नव्या दात्यांवर टाकली तर ते दातेही लवकर झिजतात. मग चढावर जोर दिला की झिजलेल्या दात्यांवरून चेन उडते, आणि पाय सटकला की माणूस पडतो. सात आणि आठ गिअरला एकाच रुंदीची चेन चालते, तेव्हा ती साताऱ्यातच मिळाली.

सगळं जागेवर बसल्यावर तुम्ही डिरेलरचे दोन छोटे स्क्रू दाखवलेत. कॅसेट आता फ्रेमपासून वेगळ्या अंतरावर आली, म्हणून हे नव्याने लावायचे. त्यातला एक चेनला मोठ्या चकतीच्या पलीकडे आऱ्यांत जाऊ देत नाही, आणि तो तुम्ही माझ्याकडून फिरवून घेतलात. बाईमाणसाला कशाला असला त्रास, असं तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. ब्रेकचे रबरही नव्या रिमला लागतील असे सरकवून, तार ओढून दिलीत.

आणि मजुरीचे साडेतीनशे रुपये. मी जास्त देऊ लागले तर नोट परत माझ्या हातात कोंबलीत. हिशेबाच्या कागदावर मात्र सगळी मापं लिहून दिलीत: ६२२, १३५, सात, साडेचार. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून सीटखालच्या पिशवीत ठेवला आहे.

चाचा, मागच्या रविवारी मी कासला जाऊन आले. यवतेश्वरच्या चढावर २८ चा गिअर टाकला, एकदाही चेन उडाली नाही. उतारावर त्या खड्ड्याच्या बाजूने हळू गेले. पठारावर अजून थोडी फुलं होती. सायकल दगडाला टेकवून मागचं चाक उचललं आणि हाताने फिरवलं. ब्रेकच्या रबराकडे बघत राहिले, दोन्ही बाजूंची फट सारखीच दिसत होती.

या रविवारी बाबांची काळी सायकल घेऊन येते. तिचं मागचं चाक आऊट आहे आणि टायर बदलायचा आहे. २८ × १½, ६३५. मोजून ठेवलंय.

तुमची,
शाळेतली बाई