भाच्याच्या वहीतलं आरमार खोटं नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझा भाचा सातवीत आहे, इथेच इंदिरानगरला, आणि गेलं वर्षभर तो एका आरमाराच्या मागे लागलाय. आरमार त्याच्या डोक्यातल्याच एका बेटांच्या देशाचं, पण दोनशेपानी वहीत नकाशे, बंदरं, जहाजांची मापं, कुठलं इंजिन, किती तेल, सगळं लिहून ठेवलंय. शाळेच्या प्रोजेक्टला त्यानं यातली तीन जहाजं दिली, समुद्रात सुरुंग पेरणारी आणि सुसाट पळणारी. शेरा आला, असं जहाज नसतं, खरं काहीतरी लिहून आण. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. म्हणून हे पत्र, कारण असं जहाज होतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाकडे अ‍ॅब्डिएल वर्गाची, म्हणजे अ‍ॅब्डिएल या जहाजाच्या नमुन्याची, अशी सहा जहाजं होती. प्रत्येकावर दीडशेच्या आसपास सुरुंग आणि वेग जवळपास 40 नॉट, म्हणजे ताशी 74 किलोमीटर. आपली पंचवटी नाशिकरोडहून सीएसएमटीला जायला साडेतीन तासांच्या वर घेते, तेवढं अंतर हे जहाज पाण्यातून अडीच तासांत कापेल, बघा विचार करून. इतका वेग कशाला, तर सुरुंग पेरायचे शत्रूच्या दारात आणि तेही रात्री, उजाडायच्या आत त्याच्या विमानांच्या टप्प्याबाहेर निघून यायचं. भाच्यानं हे गणित स्वतः मांडलंय, रात्र नऊ तासांची, पेरायला एक तास, उरलेल्या आठचे जायला चार यायला चार, मग अड्डा किती लांब चालेल. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पेरणं हा शब्द पण अगदी बरोबर आहे, आपल्याकडे पाभरीतून बी पडतं तसंच. आतल्या डेकवर रूळ असतात, सुरुंग त्यावरून मागे सरकत येतात आणि ठरलेल्या अंतरानं एकेक पाण्यात पडतो. खालचं वजन तळाला बसतं, सुरुंग तारेला बांधलेला वर तरंगतो पण पाण्याखालीच, दिसत नाही. सुरुंगावर शिंगांसारखी टोकं असतात, त्यातल्या एकाला जहाज धडकलं की आतली काचेची नळी फुटते, अ‍ॅसिड सांडून करंट तयार होतो आणि स्फोट. भाच्याच्या जहाजावर तोफा कमी का, तर सुरुंगांचंच वजन वर इतकं की आणखी तोफा लादल्या तर जहाज डोलायला लागेल. असा विचार करणाऱ्या मुलाला खोटं लिहिलंस म्हणायचं?

त्या सहांमधलं वेल्शमन फ्रेंच जहाजाचं सोंग घेऊन 10 मे 1942 ला भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला, ते वेढ्यात असताना, दारूगोळा घेऊन पोचलं. लॅटोनाला तर सुरुंग पेरायला मिळालेच नाहीत, 1941 च्या ऑक्टोबरमध्ये लिबियातल्या टोब्रुक बंदराच्या फेरीत विमानांनी तिला बुडवलं. आणि खुद्द अ‍ॅब्डिएल 1943 च्या सप्टेंबरात इटलीच्या टारांटो बंदरात जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगांवरच गेलं, वर सैनिक होते. हे वाचून भाचा बराच वेळ गप्प बसला होता.

आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. 1917 मध्ये वुल्फ नावाच्या जर्मन जहाजानं मालवाहू जहाजाचं सोंग घेऊन मुंबईबाहेर सुरुंग पेरले होते, त्याच वर्षी जूनमध्ये मंगोलिया ही पी अँड ओ कंपनीची बोट त्यातल्या एकावर बुडाली. वुल्फ हळू चालणारं, त्याची सगळी भिस्त सोंगावर, वेगावर नाही. भाच्यानं लगेच वहीत एक तसलं पण काढलं.

माझी विनंती दोनच. शाळांनी अशा वह्या नीट वाचाव्यात, मुलाला बोलावून हे असंच का, असं विचारावं. आणि तुमच्या मुलांच्या पानावर कधीतरी अशा काल्पनिक आरमारांना जागा द्यावी, नकाशासकट. नाशिकला समुद्र नाही पण अशा वह्या बऱ्याच घरांत असतील असं मला वाटतं.

प्रोजेक्ट त्यानं परत दिलाय, जहाजं तीच ठेवून. सध्या सुरुंग काढणारी जहाजं काढतोय, लाकडी, कारण चुंबकानं फुटणाऱ्या सुरुंगावर लोखंडी जहाज नेता येत नाही.

आपला,
एक मामा, नाशिक