दादा, जड चापावर भिस्त ठेवू नकोस

ह्यूस्टन, टेक्सास

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

आईचा गुडघा आणि यंदाचा काजू, दोन्हीचं वहिनीने फोनवर सविस्तर सांगितलं. तुझ्या रिव्हॉल्वरचं बोलणं मात्र अर्धवट राहिलं, म्हणून सवडीने लिहितेय. वेंगुर्ल्याहून काजूबीचे पैसे घेऊन रात्री एकटा येतोस, त्यासाठी लायसन्सचा अर्ज करायचा तुझ्या मनात आहे. त्यात कुणीतरी सांगितलंय, की जड चापाचा (ट्रिगरचा) रिव्हॉल्वर घे, म्हणजे चुकून बार उडायचा नाही. पैसे खात्यावर घेतलेस तर हा सगळा खटाटोपच लागणार नाही, असं मला वाटतं. पण घेणारच असशील तर त्या माणसाचं ऐकून निर्धास्त राहू नकोस.

इथे दुकानासाठी आम्ही पिस्तूल घेतलं तेव्हा मी रीतसर शिकले. आता रविवारी नेमबाजीच्या रेंजवर नवख्यांच्या शेजारी उभी असते, त्यामुळे लोकांची बोटं कुठे जातात ते दर वेळी बघते.

चापाचं वजन म्हणजे बार उडेपर्यंत बोटाला लावावा लागणारा जोर. तो मोजायला छोटा काटा असतो. हत्यार रिकामं करायचं, काट्याचा हूक चापाला अडकवायचा आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, पडेपर्यंत सावकाश ओढायचं. हल्लीच्या बऱ्याच पिस्तुलांचा चाप 5 ते 6 पौंडांचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास असतो. रिव्हॉल्वर नुसता चाप ओढून उडवायचा तर साधारण 10 ते 12 पौंड लागतात, म्हणजे पाच किलोच्या घरात, आणि चाप लांबही ओढावा लागतो. तुला सांगणाऱ्याच्या डोक्यात हाच आकडा असणार. पण त्याच रिव्हॉल्वरचा घोडा अंगठ्याने चढवला, की चाप एकदम हलका होतो आणि जरासा हलला तरी बार उडतो. घाबरलेला माणूस नेमका घोडा चढवून बसू शकतो.

आणि पाच किलो म्हणजे तरी किती? धडधाकट पुरुषाची मूठ तीस-चाळीस किलोचा जोर सहज लावते. माणूस दचकला, अडखळला, तोल सांभाळायला गेला, की मूठ आपोआप आवळते. डाव्या हाताने दार जोरात खेचताना उजवा हातही आवळला जातो. अशा वेळी बोट चापावर असेल तर वजन कितीही असो, बार उडू शकतो. जड चापामुळे नेम मात्र बिघडू शकतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या पिस्तुलांना मुद्दाम 12 पौंडांचा चाप बसवलेला असे. ऑगस्ट 2012 मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर त्यांनी एका मारेकऱ्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा रस्त्यावरची 9 माणसं जखमी झाली, पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी. दोष एकट्या चापाचा म्हणता येणार नाही, पण त्यानंतर जड चापावर बरीच टीका झाली.

म्हणून इथे पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाभोवतीच्या कडीबाहेर, हत्याराच्या अंगावर सरळ टेकलेलं. आणि हत्यार कमरेला असताना चाप पूर्ण झाकलेला. तू कोयती नुसती कमरेला खोचत नाहीस, आकडीत अडकवतोस. तसं याला होल्स्टर. तेही कडक हवं, चापाची कडी पूर्ण झाकणारं आणि हत्यार काढल्यावरही तोंड उघडं राहणारं. जुनं चामडं मऊ पडलं की तोंडाशी दुमडतं, आणि हत्यार आत सरकवताना ती दुमड थेट चापावर येते.

बरेचसे अपघात बाहेर काढताना नव्हे, परत ठेवताना होतात. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची नाडी कडीत शिरते आणि माणूस वरून दाबतो. काही पिस्तुलांच्या चापात मधोमध एक पट्टी असते, ती दबल्याशिवाय चाप हलत नाही. पण दाबतंय ते बोट की नाडी, हे तिला कळत नाही. रेंजवर मी लोकांना शर्ट वर धरून, खाली बघून, सावकाश ठेवायला लावते. घाई कसली? रिव्हॉल्वर असेल तर ठेवताना अंगठा घोड्यावर ठेव. चापाला काही अडकलं तर घोडा मागे येऊ लागतो आणि अंगठ्याला लगेच कळतं. पैशांच्या पिशवीत किल्ल्या, पेन, टॉर्च यांच्यात तो कधीही टाकू नकोस. स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो म्हणणारा कुणी भेटेल, त्याच्याकडेही जाऊ नकोस. कापलेल्या स्प्रिंगने घोडा पुरेसा जोरात पडत नाही आणि काडतूस फुसकं जातं.

डुकरांसाठीचं शेतीसंरक्षणाचं लायसन्स रिव्हॉल्वरला चालत नाही, वेगळा अर्ज लागेल. 2016 च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षितपणे वापरायचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ते नुसत्या कागदासाठी घेऊ नकोस. शिकवणाऱ्याला रिकाम्या हत्यारावर ठेवण्या-काढण्याचा सराव करून घ्यायला सांग.

आता आबांच्या ठासणीच्या बंदुकीचं. सोन्या रात्री बागेत डुकरं हाकायला जातो, असं वहिनी म्हणाली. त्या बंदुकीला केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवलेली असताना घोड्यावर आघात झाला, तर चापाला हात न लावताही बार उडेल. अर्ध्या घोड्यावर, म्हणजे घोडा अर्धा मागे ओढून खाचेत अडकवून ठेवलीय म्हणून निश्चिंत राहायचं नाही, जुन्या बंदुकीची ती खाच झिजलेली असू शकते. गडगा (दगडी कुंपण) चढायच्या आधी केप काढून खिशात, बंदूक पलीकडे आडवी ठेवायची, नळी माणसांपासून लांब, मग आपण उतरायचं. दोघं असले तर आधी एकाने पार व्हायचं आणि बंदूक त्याच्या हातात द्यायची. घरी आल्यावर बंदूक कपाटात कुलपात, केपा आणि दारू दुसरीकडे. पडवीत खुंटीला टांगलेली मला आठवते. आता घरात लहान मुलं आहेत, ती खुंटी मोकळी कर.

खाच तपासायला लोहाराकडे नको, लायसन्सवाल्या दुरुस्तीकाराकडेच ने. तो काय म्हणाला ते मला कळव, आणि तोवर सोन्याला बॅटरी आणि डबा वाजवूनच डुकरं हाकू दे.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बाय