बाबांना सांग, मी पीत नाही

आई,

रविवारच्या व्हिडिओ कॉलपासून बाबा घुश्श्यात आहेत ते कळलंय मला. फोन चालू असतानाच मी बसमधून उतरलो आणि "चीअर्स" म्हणालो, तेवढंच नेमकं त्यांनी ऐकलं आणि पोरगं भरदुपारी ग्लास घेऊन बसलंय असं ठरवून मोकळे झाले. अगं, मी ड्रायव्हरला थँक्यू म्हणत होतो!

इथे इंग्लंडात, ब्रिस्टलमध्ये बऱ्याच बसना पुढे एकच दार, चढायचं तिथूनच आणि उतरायचं पण तिथूनच, त्यामुळे उतरताना ड्रायव्हर समोरच असतो आणि शाळेतली पोरं काय, म्हाताऱ्या आज्या काय, सगळे "चीअर्स ड्राइव्ह" म्हणतात. ड्रायव्हरचं 'ड्राइव्ह', हे खास ब्रिस्टलचं. आपण सातारा स्टँडला उतरताना एसटीच्या ड्रायव्हरला कधी काही म्हटलंय का? आपला जीव वर ठेवलेल्या पिशवीत.

मग जरा शोधलं. मुळात दारूशी काही संबंधच नाही गं. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता चेहरा. मग चेहऱ्यावर दिसतो तो मूड, आणि मग नुसता चांगला मूड. म्हणजे आपलं 'तोंड पाडणं' आहे ना, त्याच्या बरोबर उलटं. पूर्वी लोक भेटले की 'व्हॉट चीअर' विचारायचे, शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात अगदी सुरुवातीला, वादळातल्या जहाजावर आहे ते, त्याचंच झिजून झिजून 'वॉचा' झालं, म्हणजे आपलं भेटल्यावरचं 'काय रे'. ग्लास उचलून म्हणायला लागले ते विसाव्या शतकात, आणि थँक्यू म्हणून तर १९७० च्या दशकात, म्हणजे हा अर्थ बाबांपेक्षा लहान आहे!

आता दार धरलं तरी चीअर्स, मीठ पुढे सरकवलं तरी चीअर्स, फोन ठेवताना पण. घरमालकाने मेल केला, हीटर दुरुस्त करायला माणूस पुढच्या आठवड्यात येईल, खाली 'चीअर्स'. मी इकडे दोन रजयांत कुडकुडतोय, मला वाटलं चेष्टाच करतोय.

काल मी पण हिंमत करून अख्खं "चीअर्स ड्राइव्ह" म्हटलं तर तो साठीचा ड्रायव्हर हसून म्हणाला, "चीअर्स, माय लव्हर." इथे कोणालाही म्हणतात तसं, आपल्या 'बाळा'सारखं. हे मात्र बाबांना वाचून दाखवू नकोस, आधी चीअर्स पचू दे.

लसणाची चटणी संपत आलीये.

तुझा,
बंड्या