करवंटी फेकण्याची घाई

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीत कुराणाच्या 'जाहीर' (वरवर दिसणारा, शब्दशः) आणि 'बातिन' (आतला, गूढ) अर्थांवर लेख छापल्याबद्दल प्रथम आपले आभार. विषय मराठीत क्वचितच येतो. परंतु जाहीर अर्थ म्हणजे करवंटी, बातिन म्हणजे खोबरे, आणि सुज्ञाने खोबरे घेऊन करवंटी फेकावी, हा लेखकमहाशयांचा दाखला वाचून हसावे की रडावे ते कळेना. आम्हा कोकणातल्या माणसांकडे करवंटीच काय, सोडणही कोणी फेकत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कॉलेजात फारसी शिकत असताना सुट्टीत गावी आलो की आंब्याच्या बागेची राखण करणारा कुत्रा मी लाडाने घरात घेत असे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, या हदीसची (पैगंबरांच्या वचनाची) आजोबांनी आठवण करून दिली, तेव्हा मी नव्या विद्वत्तेच्या तोऱ्यात त्यांना ऐकवले की येथे घर म्हणजे हृदय आणि कुत्रा म्हणजे क्रोध. आजोबा एवढेच म्हणाले, "मग कुत्रा बागेत बांधून ये, आणि येताना रागही तिकडेच ठेवून ये." पुढे कितीतरी वर्षांनी इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या 'मिश्कात अल-अनवार'मध्ये हाच कुत्रा मला भेटला. अल्लाहच्या आज्ञेवरून पैगंबर मूसांनी तुवाच्या पवित्र खोऱ्यात पायांतल्या वहाणाही काढल्या आणि मनातून दोन्ही जगांचा त्यागही केला, असे गझाली तेथे सांगतात. यांपैकी एकच अर्थ धरणारा त्यांना अपुरा वाटतो. आजोबांनी गझाली वाचलेले नव्हते. लेखकमहाशयांनी मात्र, बातिनींविरुद्ध, म्हणजे बातिन अर्थावर भर देणाऱ्या इस्माईलींविरुद्ध, ग्रंथ लिहिणारे गझालीच आयतींचा अंतरार्थही सांगतात, याची दखलच घेतलेली नाही.

उलट ११६४ मध्ये इराणातील अलमूतच्या इस्माईली किल्ल्यावर कियामत आल्याची, म्हणजे आता बाह्य आचारांचे बंधन उरले नसल्याची, जी घोषणा झाली, तिच्यावरून त्यांनी साऱ्या इस्माईली या शिया पंथाच्या परंपरेने बाह्य आचार सोडल्याचे ठरवून टाकले आहे. त्याच्या सुमारे दोन शतके आधी इस्माईली फातिमी खलिफांच्या दरबारातील काझी नोमान यांनी 'दआइम अल-इस्लाम'मध्ये नमाज, रोजे, जकात यांचे नियम सांगितले आणि त्याच आचारांचा अंतरार्थ उलगडणारा 'तावील अल-दआइम' हा ग्रंथ वेगळा लिहिला. मुंबईतले दाऊदी बोहरा, तेही इस्माईलीच, 'दआइम'ला आजही प्रमाण मानतात. शिवाय ज्या आयतीवर हा सारा वाद उभा आहे, ती तिसऱ्या सूरेतील सातवी आयत लेखात कोठेच नाही. संदिग्ध आयतींचा अर्थ अल्लाहखेरीज कोणी जाणत नाही, असे म्हणून तेथे थांबायचे, की पुढचे 'ज्ञानात मुरलेले' हे शब्दही त्यालाच जोडून वाचायचे, या एका विरामावर भाष्यकारांनी शतके वाद घातला आहे.

जाता जाता आणखी एक तक्रार. 'जाहीर' हा शब्द आपल्याकडे जाहीर सभेपासून जाहीर नोटिशीपर्यंत सुखाने नांदतो; बिचारा 'बातिन' मात्र तीन ठिकाणी 'बातमी' असा छापला गेला आहे. गेल्या खेपेस 'जागेअभावी' माझ्या पत्रातील आभाराची दोन वाक्ये तेवढी छापून तक्रार गाळण्यात आली होती. या वेळी कात्री लावायचीच असेल, तर कृपया आभारांना लावावी.

आपला नम्र,
एक निवृत्त फारसी शिक्षक, रत्नागिरी