दूरसंचार मंत्र्यांना खुलं पत्र : भाडं स्पेशल रिक्षाचं, बसवलं शेअरमध्ये

प्रति,
मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

साहेब, मी रबाळे एमआयडीसीत एका गाळ्यात छोटं कॉल डेस्क चालवतो. कळवा, ऐरोली, घणसोली, दिघा इकडची लहान नर्सिंग होम्स रात्री त्यांचे फोन आमच्याकडे वळवून ठेवतात. डॉक्टरांना झोपेतून उठवणं, अँब्युलन्स बोलावणं, सकाळच्या अपॉइंटमेंट लावणं हे आमच्या मुली बघतात. धंद्यात यायच्या आधी अर्धं आयुष्य ट्रान्समिशनमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या लाइनी इकडून तिकडे पोचवायच्या कामात घालवलंय, एक्स्चेंजच्या एसी रूममध्ये मक्ससमोर (अनेक लाइनी एका केबलवर चढवणारं यंत्र) रात्री काढल्यात, त्यामुळे काय लिहितोय ते मला कळतं एवढं गृहीत धरा. पत्र मराठीत आहे, आपल्याकडे भाषांतर करणारा माणूस असेलच.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमाराला ठाणे-बेलापूर रोडवर गटाराच्या कामाला लावलेल्या जेसीबीने केबल तोडली आणि आमच्या दोन्ही लाइन गेल्या. मेन पण आणि मेन तुटली तर चालावी म्हणून ठेवलेली प्रोटेक्शन पण, एका फटक्यात. बॅकअपला दुसऱ्याच कंपनीचं ब्रॉडबँड घेऊन ठेवलंय, ते पण गेलं. मोबाइलची एक दांडी येत-जात होती कारण जवळच्या टॉवरचा बॅकहॉल, म्हणजे टॉवरला नेटवर्कशी जोडणारी केबल, पण त्याच खड्ड्यातून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही मुके. एका पेशंटचा मुलगा रात्रभर नंबर फिरवत बसला आणि शेवटी वडिलांना रिक्षात घालून स्वतःच घेऊन गेला. वडील बरे आहेत, पण त्या नर्सिंग होमने आमचं काम बंद केलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं.

आता मूळ दुखणं. मागच्या वर्षी आमच्या कंपनीचं (नाव घेत नाही, घेऊन काय फरक पडणार, सगळे एका माळेचे मणी) गोड पत्र आलं की जुनं एसडीएच (राखीव खान्यांचं) नेटवर्क बंद करतोय, तुमचा पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल घेणारी लाइन) आता नव्या पॅकेट नेटवर्कवरून येईल. सेवा तीच, तुटली की ५० मिलिसेकंदात दुसऱ्या रूटवर स्विचिंग तेच, दोन वेगळे रूट तेच. भाडं पण तेच, म्हणजे थोडं वाढवूनच. खाली सही करा. केली, दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता.

आपल्याला फाइलमध्ये कोणी सांगितलं नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. जुना पीआरआय म्हणजे ई-वन, २०४८ किलोबिट, त्यात ३२ खाने, त्यातले ३० बोलायला. एकेक खाना ६४ किलोबिटचा, आणि सेकंदाला ८००० वेळा तो माझ्यासाठी येणार म्हणजे येणारच, मी बोलो न बोलो. असे ६३ ई-वन एका एसटीएम-वनमध्ये, म्हणजे एसडीएचच्या मोठ्या डब्यात, बसतात. वर रिंग टाकलेली, एका बाजूने तुटली की ५० मिलिसेकंदाच्या आत दुसऱ्या बाजूने फिरते, बोलणाऱ्या माणसाला कळत पण नाही. हे सर्किट. ठाणे स्टेशनबाहेर स्पेशल रिक्षा करावी तसं, मागची सीट रिकामी असली तरी रिक्षा तुमची. पॅकेट म्हणजे शेअर रिक्षा, जो येईल तो बसेल, रिकामी जागा वाया जात नाही, म्हणून स्वस्त. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत आणि मी काही जुन्याला कवटाळून बसणारा म्हातारा नाही. आजच्या ट्रॅफिकमध्ये आवाज म्हणजे चिमूटभर, बाकी सगळा डेटा, त्याच्यासाठी ६४-६४ किलोबिटचे खाने राखून ठेवणं वेडेपणा आहे. पॅकेट आणि सर्किट एकाच नेटवर्कवर आणायचं हे जगभर चाललंय आणि बरोबरच चाललंय. माझं भांडण एवढंच आहे की भाडं स्पेशलचं घेतलं, पावती स्पेशलची दिली आणि बसवलं शेअरमध्ये, ते पण चौथ्या सीटवर.

बरं, हे नीट करता येत नाही का? येतं ना! ई-वनचे तुकडे करून पॅकेटमध्ये भरायचे आणि पलीकडे परत जोडायचे याचं स्टँडर्ड २००६ पासून आहे, सॅटॉप म्हणतात. पॅकेट मागेपुढे येतात, त्याला जिटर म्हणतात, म्हणून पलीकडे ती थोडी थांबवून सारख्या अंतराने सोडणारा जिटर बफर ठेवायचा. घड्याळ जुळवायला सिंक इथरनेट आहे, आयईईई १५८८ नावाचं नेटवर्कवरून वेळ जुळवायचं स्टँडर्ड आहे, त्याची दुसरी आवृत्ती २००८ ची. आणि ज्याला खरंच राखीव रस्ता हवा त्याच्यासाठी ओटीएन (फायबरवरचं ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क) आहे, त्याचं जी.७०९ स्टँडर्ड २००१ चं, सव्वा गिगाबिटपासून पुढे सर्किटसारखा कडक डबा मिळतो, पॅकेटची गर्दी त्याला शिवत नाही. एकाच मशीनमध्ये दोन्ही करणारी पॅकेट-ऑप्टिकल यंत्रं बाजारात जुनी झाली. म्हणजे टेक्नॉलॉजीने हात वर केलेले नाहीत साहेब, पैसे वाचवणाऱ्यांनी केलेत.

तशी भांडणं वर पण झाली म्हणा. पॅकेटला सर्किटची शिस्त लावायला एमपीएलएस-टीपी नावाची पद्धत काढली, २००८ मध्ये आयटीयू (टेलिफोनची स्टँडर्ड ठरवणारी) आणि आयईटीएफ (इंटरनेटची ठरवणारी) या दोन्ही संस्था एकत्र बसल्या आणि लाइन जिवंत आहे की मेली हे कसं तपासायचं यावरच एवढ्या भांडल्या की शेवटी एकाच कामाची दोन स्टँडर्ड निघाली. त्यांचं जाऊ दे, पण लाइन जिवंत आहे का हे तपासणं किती महत्त्वाचं आहे ते यावरून कळावं.

आमच्याकडे ते कसं तपासतात ते सांगतो. शिफ्टिंग झाल्यापासून बोलताना टकटक आवाज यायचा, पीआरआय मधेच खाली जायचा, परत वर यायचा, गेटवेवर, म्हणजे लाइन येते त्या आमच्या यंत्रावर, स्लिपचा काउंटर रिक्षाच्या मीटरपेक्षा जोरात पळत होता. स्लिप म्हणजे दोन्ही टोकांची घड्याळं जुळत नाहीत, हे ट्रान्समिशनमधलं शेंबडं पोर पण सांगेल. कस्टमर केअरला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, सर पिंग येतोय, लिंक ओके आहे. पिंग म्हणजे पलीकडून नुसतं उत्तर येतंय का एवढंच बघणं. म्हटलं अरे बाळा, पिंगला आवाज नसतो, क्लॉक कुठून घेतलंय ते बघ. तो म्हणाला, सर क्लॉक राइट साइडला खाली दिसेल. खोटं नाही सांगत. त्या पोराचा राग नाही येत, पंधरा-वीस हजारावर रात्रपाळी करतो बिचारा, त्याला कोणी शिकवलंच नाही. ज्यांना येत होतं त्यांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं.

असो. तर त्या रात्री मी स्वतः खड्ड्यावर गेलो. हॅलोजनच्या उजेडात बघितलं तर जेसीबीच्या दातात दोन डक्ट (केबल घालायचे पाइप) लटकत होते, एक निळा, एक केशरी, दोन्ही एकाच जागी फाटलेले आणि फायबरचे केसासारखे धागे बाहेर आलेले. तुटलेलं फायबर जोडणाऱ्या स्प्लायसिंगवाल्याला विचारलं, मेन कुठला? म्हणाला, निळा. आणि प्रोटेक्शन? त्याने काही न बोलता केशरीकडे बोट दाखवलं. दोन डक्टमध्ये वीतभर पण अंतर नव्हतं. हा माझा ‘वेगळा रूट’. ओटीडीआर (फायबर कुठे तुटलंय ते शोधणारं यंत्र) लावायची पण गरज नव्हती, कट डोळ्यांना दिसत होता.

आणि एकत्र आणल्याचा खरा धोका हाच आहे जो कोणी बोलत नाही. आधी आवाजाचं नेटवर्क वेगळं होतं, डेटाचं वेगळं, एक मेलं तर दुसरं रडतखडत चालायचं. आता सगळं एकाच मशीनवर, एकाच फायबरवर, आणि कंपन्या चार दिसल्या तरी डक्ट एकमेकांकडूनच भाड्याने घेतलेले. म्हणजे एक जेसीबी आणि अख्खा पट्टा गप्प. याच पट्ट्यात ऐरोली-महापेला देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत ना? त्यांना तीन-तीन दिशांनी फायबर जातं, कारण ते मोजून घेतात. गाळेवाल्याने कोणाला मोजायला लावायचं?

खोदण्याचं तर काय बोलावं. मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आलं. तेव्हा सरकारनेच सांगितलं की अशा बेशिस्त खोदाईने वर्षाला ३००० कोटींचं नुकसान होतं. मी त्या खड्ड्यावरच्या मुकादमाला अ‍ॅपबद्दल विचारलं, तर तो म्हणे साहेब आम्हाला फक्त गटाराची लेव्हल दिली. रस्ता एकाचा, गटार दुसऱ्याचं, केबल तिसऱ्याची, कंत्राट चौथ्याचं आणि भोग आमचे. तोच रस्ता डांबर टाकून झाला की महिन्याभरात परत खोदणार, तेव्हा बोर्डावर कोणाचा तरी हसरा फोटो असतो. टेंडर सगळ्यात स्वस्तवाल्याला द्यायचं आणि मग काम स्वस्तातलं निघालं म्हणून आश्चर्य करायचं, हे आम्ही शाळेत असल्यापासून बघतोय.

भरपाई? नियम वाचला मी. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट. म्हणजे मला रुपया मिळायला आख्खा ठाणे जिल्हा दिवसभर अंधारात पाहिजे! पोर्टलवर तक्रार टाकली तर ‘सेवा पूर्ववत, तक्रार निकाली’. अहो पूर्ववत झाली ते मला पण माहितीये, माझा प्रश्न होता दोन रूट एका खड्ड्यात कसे. तो कॉलमच नाही त्यांच्या फॉर्ममध्ये.

आणि हे फक्त माझ्या गाळ्याचं रडगाणं समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये गावोगावी फायबर नेणाऱ्या सुधारित भारतनेट योजनेला मंजुरी दिलीत, १ लाख ३९ हजार कोटींच्या वर, गावागावात रिंग, आयपी-एमपीएलएसचं पॅकेट नेटवर्क, सगळं कागदावर झकास. पण त्या रिंगचे दोन्ही हात एकाच चरीतून नेले तर ती रिंग फक्त ड्रॉइंगमध्ये. कोण जाऊन बघणार? ठाणे-बेलापूर रोडवर कोणी बघत नाही, मोखाडा-जव्हारला बघणार?

मागणं फार नाही. जो कोणी ‘दोन रूट’ म्हणून पैसे घेतो त्याने दोन्ही रूटची केएमझेड फाइल (नकाशावर केबलचा मार्ग दाखवणारी) कराराला जोडावी आणि किती मीटर एकत्र आहेत ते लिहून द्यावं. डक्ट भाड्याचा असला तरी तसंच. सर्किटची सेवा पॅकेटवर हलवताना स्लिप, जिटर आणि स्विचिंगची वेळ ग्राहकासमोर मोजून रिपोर्टवर सही घ्यावी, पिंग चालणार नाही. लेखी दिलेलं ५० मिलिसेकंद आणि वेगळा रूट मोडला तर भरपाई त्या एका ग्राहकाला, जिल्हा बंद पडायची वाट न बघता. आणि ज्याने केबल तोडली त्याच्या बिलातून पैसे कापावेत, आपोआप, समिती न नेमता.

यातलं एक जरी केलंत तर पहिली केएमझेड माझ्या कंपनीकडून मागवा. आमच्या दोन्ही लाइन स्प्लायस करून परत त्याच खड्ड्यात घातल्यात आणि वर माती लोटलीये. कॉन्क्रीट पुढच्या आठवड्यात आहे असं मुकादम म्हणाला, त्याच्या आत कोणी बघायला आलं तर बरं.

आपला,
रबाळ्याचा एक गाळेवाला