कुंपणाचे खांब

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, खांब नेमका कुठून मोडला? मी घाईत होतो, उत्तर अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र.

मागच्या कुंपणाचे पाच खांब वाऱ्याने आडवे झाले, आणि पाचही एकाच जागी मोडले होते, काँक्रीटच्या अगदी तोंडाशी. वरचं लाकूड ठणठणीत. तोंडाशी मात्र बोट दाबलं की आत जात होतं आणि तपकिरी, चौकोनी तुकड्यांचा चुरा हातात येत होता. लाकूड वाळून आक्रसतं, काँक्रीट आणि खांबामध्ये फट पडते, पावसाचं पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथंच मुरत राहतं. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते, आणि दोन्ही मिळतात ती हीच जागा. मला याची खात्री पटली ती पहिला खांब उपसल्यावर. त्याचा काँक्रीटमधला खालचा भाग अजून टणक होता!

पण उपसणं सोपं गेलं नाही. आधी मी उरलेल्या खुंटात दोन जाड स्क्रू पिळून साखळी बांधली आणि ओढली. कुजक्या लाकडाने स्क्रू सोडून दिले. मग सरळ फावडं घेतलं. (जमिनीखालून वीज-गॅसच्या लाइनी कुठून जातात ते आधी विचारून घेतलं होतं. हे कधीच चुकवायचं नाही.) खांबाच्या बुडाशी असलेल्या काँक्रीटच्या गोळ्याच्या चारही बाजूंनी खणायची गरज नसते, एकाच बाजूने तळापर्यंत खणलं की पुरतं. आदल्या रात्री कडेने भरपूर पाणी सोडलं, त्यामुळे माती गोळ्याला धरून राहिली नाही. सकाळी पहार खाली घातली, लाकडी ठोकळ्याचा टेकू दिला आणि दाबलं. दोन बोटं वर आला की खाली दगड सारायचा, टेकू उंच करायचा, पुन्हा दाबायचं. पाऊण फूट रुंद आणि दोन फूट खोल गोळ्याचं वजन साधारण साठ किलो भरतं, त्यामुळे हाताने उचलायला गेलोच नाही. तिरकी फळी लावून लोळवत बाहेर काढला.

चार असे निघाले. पाचवा झाडाच्या मुळांत अडकलेला. मुळं तोडायचं मनात येईना, म्हणून गोळा तिथंच ठेवला. लांब ड्रिलने खुंटात शेजारी शेजारी भोकं पाडली आणि मधलं लाकूड पटाशीने खरवडून काढलं. दुपार गेली, पण खोबण साफ निघाली आणि नवा खांब तिच्यातच बसेल.

जुनं लाकूड जाळलेलं नाही, काळजी नको. पूर्वी अशा लाकडात कीड लागू नये म्हणून आर्सेनिक मुरवत असत. ते धुरात आणि राखेत उतरतं. म्हणून सगळं वेगळं बांधून ठेवलंय.

नव्या खांबांच्या तळाशी खडी घालतोय, म्हणजे पाणी खाली निचरेल. काँक्रीट जमिनीच्या थोडं वर आणून चहूबाजूंनी उतरतं करतोय. खांबाभोवती वाटीसारखा खळगा राहिला की सगळं मुसळ केरात.

आज दोन उभे केले. ओळंबा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं, सरळ आहेत. उरलेले तीन येत्या रविवारी. आईला सांगा, पाठ दुखत नाही.

तुमचा,
लेक